ओढ्यातला मोहावे

सीमेजवळच्या वाळवंटातल्या ला टिनाहा गावात कुणी शिंकलं, तर ती शिंक खरी की काढलेली याचा छडा एर्मिनिया संध्याकाळच्या आत लावायची. बाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली. अर्धा डोळा रस्त्यावर, दीड डोळा डोक्यावरच्या लांबट आरशात. मागच्या बाकावर कोण कुणाच्या डब्यातला घास पळवतंय, कोण वहीत तोंड खुपसून हसतंय, हे तिला मान न वळवता कळायचं. आणि जो साळसूद हात जोडून बसलाय, त्याच्यावर तिचा पहिला संशय. पुढे बस गेली, आरसा गेला, सवय तेवढी राहिली. निवृत्त झाल्यापासून अख्खं गाव तिला मागच्या बाकावर बसल्यासारखं दिसायला लागलं.

पोस्टमन पाकीट उशिरा आणतो, म्हणजे वाफेवर उघडून वाचतो. शेजारच्या कोंबड्या दोन दिवस अंडी देत नाहीत, म्हणजे अंडी जातात कुठे? पाद्रीबाबा प्रवचनात परनिंदेवर घसरले, तर घसरताना त्यांनी नेमकं तिच्याच बाकाकडे का बघितलं? नवरा एउसेबियो होता तोवर हा सगळा माल त्या बिचाऱ्याच्या एकट्याच्या वाट्याला यायचा. त्यानं तो वर्षानुवर्षं मुकाट्यानं सोसला आणि एक दिवस झोपेतच गेला. मग गावानं तो आपसात वाटून घेतला. आमच्याही वाट्याला थोडा आला, तक्रार नाही.

गेल्या मार्चमध्ये तिची धाकटी बहीण चायो टूसॉनहून राहायला आली. जन्मभर शिवणकाम केलेली, चौसष्ट वर्षांची, मऊ बोलणारी विधवा. "बघू या कसं जमतं," म्हणून एकच बॅग घेऊन आलेली. तेव्हापासून एर्मिनियाच्या स्वयंपाकघरात दोघींपुरती कॉफी व्हायला लागली. गव्हाच्या मोठाल्या तोर्तिया लाटताना ती गुणगुणायला लागली. तिच्या गळ्यात सूर आहे, हे ला टिनाहाला तिच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. चायो कायमची राहावी एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. ती गोष्ट तिनं चायोला मात्र सांगितली नाही. एकदा मागणं तोंडातून गेलं, की समोरचा त्याचा फायदा घेतो, अशी तिची पक्की खात्री.

चायोला साखरेचा त्रास. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. सकाळी सहाला ती घरामागच्या कोरड्या ओढ्यातून मोडक्या पवनचक्कीपर्यंत जायची आणि पाऊण तासात परत यायची. आणि तिच्या मागून वीस पावलांवर, एका उंच साग्वारो निवडुंगाच्या आडून दुसऱ्या साग्वारोच्या आड, एर्मिनिया. बहिणीच्या काळजीनं, असं ती स्वतःला सांगे. पण साखरेचं माणूस रोज इतक्या आनंदानं चालायला कशाला जातंय, हाही प्रश्न होताच की.

सप्टेंबरच्या अखेरच्या मंगळवारी नेमका गॅसचा माणूस सकाळीच आला आणि एर्मिनिया घरात अडकली. त्याच दिवशी चायो पांढरीफटक होऊन परतली.

"मिना! साप! खुळखुळ्या!"

"चावला?"

"नाही. बसला होता. शेपूट वाजवत होता."

"किती लांब?"

"इथून त्या शेगडीपर्यंत."

"मग तू काय केलंस?"

"फोटो काढला."

"फोटो? पळायचं सोडून?"

"पाय पळत नव्हते गं. हात रिकामे होते."

एर्मिनियानं चष्मा चढवून फोटो बघितला. फोटोत अर्ध्या भागात चायोचा अंगठा, पावासारखा फुगलेला. उरलेल्या अर्ध्यात मेस्कीटच्या झाडाची फांदी, आणि तिच्याखाली हिरवट करड्या रंगाची दोराची गुंडाळी असावी तसं काहीतरी. ना तोंड दिसत होतं, ना शेपूट.

आमच्याकडे साप दिसला की फोटो जातो नाबोर गास्तेलुमकडे. नाबोरनं चाळीस वर्षं आसपासच्या मळ्यांवर विहिरींचे पंप दुरुस्त केले, आणि प्रत्येक पंपाच्या खोलीत त्याच्या आधी एक साप जाऊन बसलेला. त्यामुळे सापांची आणि त्याची घरोब्याची ओळख. त्यानं नाव सांगायचं आणि तेंचाच्या दुकानाच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर खडूनं लिहायचं. दिवस, जागा, जात. थंडी पडून साप बिळात गेले की मगच फळा पुसायचा, अशी रीत.

जाती तशा बऱ्याच, पण गावाला मतलब दोघांशी. पहिला चौकटपाठ्या, पत्त्यातल्या चौकटच्या खुणा पाठीवर ओळीनं मांडलेला. तो काही साधू नव्हे, चावला तर पाय भोपळ्यासारखा सुजतो आणि माणूस आठवडेच्या आठवडे अंथरूण धरतो. पण सगळीकडेच आहे, म्हणून त्याची भीती गावाच्या अंगवळणी पडलेली. दुसरा मोहावे, दिसायला तसाच, जरा हिरवट. त्याचं विष थेट श्वासावर जातं. मोहावे म्हटलं की आमच्याकडचे पुरुषही खुर्चीत पाय वर घेतात.

बहिणी दुकानात गेल्या. एर्मिनिया आत पीठ घेत होती. चायोनं बाहेर दाराशीच नाबोरला गाठलं. काचेतून एर्मिनियाला दिसलं ते एवढंच. नाबोरनं फोन हातभर लांब धरला, एक नजर टाकली आणि खडू उचलला. चष्मा खिशातच राहिला. फळ्यावर अक्षरं उमटली: ओढा, पवनचक्कीच्या वर, मोहावे.

घरी येताच चायोनं फीनिक्सला मुलीला फोन लावला. "ग्रासिएला, शनिवारी गाडी घेऊन ये. दहापर्यंत. नाही गं, बरी आहे. इथे मोहावे आहेत."

एर्मिनिया पिठाची पिशवी तशीच छातीशी धरून उभी. शनिवार. मध्ये तीन दिवस.

दुसरी एखादी रडली असती. एर्मिनियाच्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं. हाच नाबोर दर वर्षी सापांचं चित्र घेऊन शाळेत यायचा आणि जाताना तिच्याच बसमधून घरी जायचा. वाटभर पोरांकडून घोकून घ्यायचा. रंग खोटारडा असतो, रंगावर जाऊ नका. मेस्कीटखालच्या उजेडात तुमचा आजासुद्धा हिरवा दिसेल. शेपूट बघा. टोकाच्या खुळखुळ्याच्या जरा वर काळ्या-पांढऱ्या कड्या असतात. दोन्ही सारख्या रुंद, तर चौकटपाठ्या. पांढऱ्या रुंद आणि काळ्या बारीक, तर मोहावे. शेपूट नाही दिसली, तर डोळ्यामागची फिकट रेघ बघा. ती ओठावर येऊन टेकली तर चौकटपाठ्या, ओठाचा कोपरा चुकवून वरून मागे गेली तर मोहावे. एकतीस वर्षं ऐकून एर्मिनियाला ते प्रार्थनेसारखं पाठ. मग ज्या फोटोत ना शेपूट ना डोळा, त्यातून या माणसानं चष्म्याशिवाय मोहावे काढला कुठून?

बुधवारी ती दुकानासमोर उभी राहून फळा वाचत होती. मे महिन्यापासूनचा, वरपासून खालपर्यंत.

तेंचा दारात आली. "काय गं, पाठ करून म्हणून दाखवायचाय का?"

"शाळेचं कुंपण, चौकटपाठ्या. दफनभूमी, चौकटपाठ्या. तुझ्या बर्फाच्या पेटीमागे, चौकटपाठ्या. सगळ्या गावात अकरा चौकटपाठ्ये, तेंचा. आणि चार मोहावे. चारही त्या एका ओढ्यात."

"घरचीच माणसं असतील एकमेकांची. सापांनाही नातेवाईक असतात."

"असतात. पण ते एका घरात राहत नाहीत. शहाणे असतात." बोलून झाल्यावर तिला ते स्वतःलाच लागलं, म्हणून तिनं घाईनं पुढचं विचारलं. "मोहावे मोकळ्या माळावर राहतो, झाडीत नाही, असं हाच नाबोर सांगायचा ना? आणि नाबोर स्वतः ओढ्यात जातो कधी?"

"पहाटे. झाकणाची बादली घेऊन."

झाकणाची बादली! आमच्या गावात झाकणाच्या बादलीत एकच गोष्ट असते. धरलेला साप. एर्मिनियाच्या डोक्यात खटका पडला. म्हणजे गावभर धरलेले साप हा गृहस्थ तिच्या परसामागे आणून सोडतोय आणि वर फळ्यावर लिहून गावाला घाबरवतोय. का? ते कळलं नाही. पण वाईट माणसाला कारण लागतंच कुठे, असं म्हणून तिनं तेवढी जागा रिकामी ठेवली.

गुरुवारी सकाळी चायो घरात कपड्यांच्या घड्या घालत होती. एर्मिनिया एउसेबियोची हरणं बघायची दुर्बीण गळ्यात अडकवून ओढ्यात उतरली. पवनचक्कीच्या वर, फोटोतली फांदी तिनं ओळखली. साप तिथेच होता. रानउंदरांच्या काड्यांच्या ढिगाशेजारी वेटोळं घालून, जणू तिकिटाच्या रांगेत नंबर लावून बसलाय. हे असंच करतात. उंदीर येईपर्यंत दोन दोन दिवस जागचे हलत नाहीत. तिनं वीस पावलांवर एक दगड निवडला, काठी आपटून खालची फट तपासली आणि बसली.

तोंड वेटोळ्यात, शेपूट वेटोळ्याखाली. साळसूद. एर्मिनियाला असली मुलं चांगली ठाऊक होती. अशांना हटकायचं नसतं, वाट बघायची असते.

ऊन चढलं. मानेवरून घाम उतरला. एक घोरपडीएवढा सरडा येऊन तिच्या बुटाकडे बघून गेला. दीड तासानं सावली सरकली, ऊन वेटोळ्यावर आलं आणि साप कंटाळल्यासारखा उलगडायला लागला. आधी डोकं. दुर्बिणीत डोळ्यामागची फिकट रेघ लख्ख दिसली. खाली उतरून ओठावर टेकलेली. मग पाठ, चौकटीमागून चौकट, शेवटाकडे पुसट होत गेलेल्या. आणि मग शेपूट. काळी कडी, पांढरी कडी, काळी, पांढरी. पट्टी लावून आखल्यासारख्या, एक इकडे कमी ना तिकडे जास्त.

"चौकटपाठ्या," एर्मिनिया पुटपुटली. "माझ्या लबाडा!" हे सापाला नव्हतं.

साप दगडांमधून सावकाश गेला आणि पलीकडच्या झुडपाखाली शिरला. दुर्बीण त्याच्या मागे मागे गेली आणि झुडपावर थांबली. झुडूप लाल होतं. मिऱ्याएवढ्या गोल गोल लाल ठिपक्यांनी नुसतं लगडलेलं. चिल्तेपिन. रानमिरची. जी लावून उगवत नाही, जी सूपमध्ये एक चिरडली तर डोळ्यांतून पाणी आणि दोन चिरडल्या तर पूर्वज दिसतात. ज्याला तिचं झुडूप ठाऊक, तो मरतानाच काय ते सांगतो. ते झुडूप ओढ्याच्या कुठल्या अंगाला आहे, हे इथे मुद्दामच लिहिलेलं नाही. वाचणाऱ्यांत शहरातलेही असणार.

"कोमाद्रे."

मागे नाबोर उभा. हातात बादली. त्याच्या धाकट्या मुलीची एर्मिनिया धर्ममाता. लहानपणी ही दोघं एका वर्गात एकमेकांच्या झिंज्या उपटायची, पण बाप्तिस्म्याच्या पाण्यानंतर आमच्यात अरेतुरे चालत नाही. तेव्हापासून कोमाद्रे, कोम्पाद्रे आणि अहोजाहो.

"कोम्पाद्रे," एर्मिनिया म्हणाली. जागची उठली नाही.

"तिथे बसू नका. तिथे मोहावे असतो."

"आत्ताच गेला तो. जाताना शेपूट दाखवून गेला. तुमची आठवण काढत होता."

नाबोरनं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "कड्या कशा होत्या?"

"काळी तेवढीच पांढरी."

"उजेड कसा होता पण?"

"उजेडाला मध्ये आणू नका. रेघही बघितली. ओठावर टेकलेली. तुम्हीच शिकवलंत. बादली उघडा."

"कोमाद्रे, बादलीत काही..."

"उघडा."

त्यानं झाकण काढलं. तळाशी ओंजळभर लाल मणी.

नाबोर समोरच्या दगडावर बसला. चोरी पकडलेली माणसं दोन प्रकारची, ओरडणारी आणि लहान होणारी. नाबोर लहान झाला. "गेल्या वर्षी पलीकडच्या डोंगरातलं माझं झुडूप गेलं," तो म्हणाला. "शहरातली माणसं फिरायला आली. मिरच्या खुडायचं कळेना, म्हणून फांद्या मोडल्या. एकानं तर घरी लावायला मुळासकट उपटलं. हे माझ्या वडिलांनी दाखवलेलं. आता हे एकच उरलंय. मुलांनाही सांगितलं नाही मी."

"माझ्या धर्मकन्येलाही नाही?"

"तिला तर मुळीच नाही. ती नवऱ्याला सांगेल. जावई तुम्ही बघितलाय."

जावई एर्मिनियानं बघितला होता. तेवढ्या मुद्द्यावर तिला वाद घालता येईना. "म्हणून चौकटपाठ्याला मोहावे केलात."

"एकच साप आहे तो. चार वेळा दिसला, चार वेळा लिहिला. माणसं ओढ्यात यायची थांबली. कुणाचं काय बिघडलं?"

"माझी बहीण चाललीय शनिवारी! तुमच्या ओंजळभर मिरच्यांपायी!"

नाबोरनं बादलीचं झाकण पुन्हा लावलं. मग त्यानं विचारलं, "एक सांगू? रागवाल."

"रागावलेच आहे. सांगा."

"त्या दिवशी चायोनं मला हा साप कुठला, असं विचारलंच नाही. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, 'हा मोहावेच ना, नाबोर?'"

"घाबरली होती बिचारी."

"घाबरलेली माणसं मी चाळीस वर्षं बघतोय, कोमाद्रे. घाबरलेलं माणूस विचारतं, मोहावे नसेल ना? ही विचारत होती, असेल ना? मी हो म्हणालो तर तिनं सुटल्यासारखा श्वास टाकला."

एर्मिनियानं दुर्बीण गळ्यातून काढून मांडीवर ठेवली.

"आणि तुम्ही रोज तिच्या मागे," नाबोर टोपीच्या काठाशी चाळा करत म्हणाला. "या साग्वारोमागून त्या साग्वारोमागे. मी वरून बघतो ना. पहिल्या दिवशी वाटलं, सीमेवरचे शिपाईच उतरले ओढ्यात. खरं सांगू, झुडपासाठी मला शहरवाल्यांपेक्षा तुमचीच भीती जास्त होती."

परत येताना एर्मिनियानं नाबोरला शब्द दिला, की झुडपाचं ती कुणाला बोलणार नाही. तो तिनं पाळलाही. फळ्यावरचे चार मोहावे तसेच राहिले. वाटेत तेंचानं हटकलं, "काय कळलं?" तर ही म्हणाली, "काही नाही." एर्मिनियाला काही कळलेलं नाही, हे ला टिनाहात कुणालाच पटेना. त्या दिवसापासून तेंचा तिच्यावर नजर ठेवून आहे.

घरी चायो बॅगेवर गुडघा देऊन चेन लावत होती.

"तो चौकटपाठ्या आहे," एर्मिनिया दारातूनच म्हणाली.

"बरं."

"मोहावे नाही. मी स्वतः बघून आले. शेपूट, डोळा, सगळं."

"ऐकलं."

"मग बॅग कशाला भरतेस?"

चायोनं चेन सोडली. कपडे थोडे बाहेर आले. "चौकटपाठ्यासुद्धा चावतोच ना गं."

"असेल ना, असं का विचारलंस नाबोरला?"

आता चायो बसली. बॅगेवरच. "कारण मला जायचं होतं आणि तुला दुखवायचं नव्हतं. साप बरा सापडला. सापापुढे कुणाचं काही चालत नाही."

"का पण जायचं होतं?"

"मिना, मी फोनवर बोलले की तू कोण होतं विचारतेस. नाही बोलले की का बोलले नाही विचारतेस. माझ्या गोळ्या मोजतेस. पर्स हुंगतेस. आणि रोज सकाळी माझ्या मागे येतेस. मार्चपासून."

"तुला माहीत होतं?"

"तुझा गुडघा वाजतो. वीस पावलांवरून ऐकू येतो."

"मी काळजीनं..."

"त्या सापानं मला निदान वाजवून सांगितलं गं, की इथून पुढे येऊ नको. माणूस तेवढ्यावर सांभाळून राहू शकतं. तू तर वाजतही नाहीस. गुडघा सोडला तर."

एर्मिनियाला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. दोन्ही एकदम बाहेर पडू बघत होती, म्हणून काहीच पडलं नाही. "सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? हे तुला कुणी शिकवलं, म्हणून गावभर चौकशी."

खरं होतं. आत्ताही तिच्या मनात पहिलं नाव ग्रासिएलाचं आलं होतं. ते तिनं गिळलं. मग खूप वेळानं, भांडी घासताना पाठमोरीच उभी राहून ती म्हणाली, "मी नाही येणार मागे. तू राहा." शेवटचे एवढे दोन शब्द बाहेर यायला सात महिने लागले.

"तुला जमणार नाही."

"जमेल."

"एक सकाळसुद्धा जमणार नाही."

"लावतेस पैज?"

चायोनं विचार केला. "शनिवारी ग्रासिएला दहाला येणार. मी सहाला ओढ्यात जाईन. एकटी. तू त्या ओसरीतल्या खुर्चीत. मी परत येईपर्यंत उठायचं नाही. उठलीस तर बॅग गाडीत."

"आणि नाही उठले तर?"

"तर बघू."

"बघू म्हणजे काय?"

"हेच! हेच ते, मिना!"

शनिवारी सहाला चायो टोपी घालून ओढ्यात उतरली. एर्मिनिया खुर्चीत. कॉफी हातात. साप कुठल्या ढिगाशी बसतो ते तिनं सांगून ठेवलं होतं, एकदाच, आणि मग जीभ चावली होती. पहिला अर्धा तास बरा गेला. पोस्टमनबद्दल विचार केला, कोंबड्यांबद्दल केला. पावणेसात झाले. आता येईल. सहा पन्नास. दूर कुठेतरी कुत्रं भुंकलं. कुणाचं? कुणावर? सात. कॉफी गार झाली. चायो पाऊण तासाच्या वर कधीच लावत नाही. साप आज दुसऱ्या ढिगाशी बसला असेल तर? चौकटपाठ्या असला म्हणून काय झालं, पाय भोपळ्यासारखा होतो. की ही नाबोरशी गप्पा छाटत बसलीय? की परस्पर हमरस्त्याला लागली, ग्रासिएला तिथेच उभी असेल गाडी घेऊन, आणि बॅग म्हणजे नुसता देखावा?

सात वाजून पाच मिनिटांनी तिचं बूड खुर्चीवरून चार बोटं उचललं गेलं. हे उठणं नव्हे, सरकणं आहे, असं स्वतःला बजावत ती पुन्हा टेकली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. सव्वासात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पुसायला हात मोकळे नव्हते. एकतीस वर्षांत एकही पोर हरवलं नव्हतं, ते तिनं सतत आरशात बघितलं म्हणून. आता समोर नुसता ओढा होता आणि बघायला आरसा नव्हता.

साडेसातला अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागून किंकाळी आली. "आई गं!"

एर्मिनिया जागच्या जागी ओरडली, "चायो? कुठे आहेस? तिकडे काय करतेस?"

टाकीमागून चायो वाकडीतिकडी बाहेर आली. स्कर्टच्या मागच्या बाजूला चोया निवडुंगाचा भला मोठा काटेरी गोळा लटकलेला. उकिडवी बसून बसून पायाला मुंग्या आल्या, तोल गेला आणि नेमकी त्याच्यावर बसली.

"कधीपासून होतीस तिथे?"

"पावणेसातपासून."

"पाऊण तास? करत काय होतीस?"

चायोनं मान खाली घातली. "बघत होते. उठतेस का."

एर्मिनिया खुर्चीतूनच पुढे वाकली. "म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवत होतीस?"

"थोडीशी. आणि सात वाजून पाच मिनिटांनी तू उठलीस."

"सरकले!"

"चार बोटं उठलीस."

"उठणं म्हणजे पाय सरळ. पाय वाकलेलेच होते माझे."

चायोनं बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. "बरं. सरकलीस."

"आता उठू?"

"ऊठ ना गं, टोचतंय!"

एर्मिनिया आतून दातेरी कंगवा घेऊन आली. चोया हातानं काढायचा नसतो, नाहीतर तो हाताला चिकटतो. कंगवा मध्ये घालून झटका द्यायचा. एका झटक्यात गोळा अंगणात उडाला. मग चायो स्वयंपाकघरातल्या बाकावर उशी घेऊन पालथी पडली आणि एर्मिनिया चष्मा लावून एकेक काटा चिमट्यानं काढायला लागली. काटे पुष्कळ होते.

"हळू! किती राहिले?"

"मोजत नाहीये," एर्मिनिया म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "एकोणीस."

आठही वाजले नव्हते तोच बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"ग्रासिएला आली," चायो उशीत तोंड घालून म्हणाली. "वाजवू दे. सांग तिला, आई कुठे जात नाही. बॅगही तूच रिकामी कर, माझ्यानं वाकवणार नाही."

एर्मिनियानं चिमटा खाली ठेवला नाही. आणखी एक काटा उपटून तिनं बाकाच्या कडेला ठेवला. "दहाला येणार होती ना ती?"

"हो."

"फीनिक्सहून पाचच्या आधी निघाली असणार."

"असणार."

हॉर्न पुन्हा वाजला. चायोनं उशीतून डोकं वर काढलं. डोळे बारीक केले.

"मिना," ती हळूच म्हणाली, "आईला न्यायला पाचच्या आधी कोण निघतं?"

"तेच म्हणते मी."

"पडदा जरासाच सरकव. कोण आहे बघ गाडीत तिच्या शेजारी."